कुरडयांखालचा सूर्य

विश्रांतवाडी, पुणे
बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार

आदरणीय कचरूमामांना भाचा बुद्धभूषण याचा पुण्याहून मानाचा जय भीम. शालनमामीला जय भीम, आणि आम्रपालीला बारावी पास होण्याबद्दल आगाऊ जय भीम, कारण निकाल लागेपर्यंत मी याच पत्त्यावर असेन की नाही सांगता येत नाही. मी इथं खुशाल आहे. तुमची खुशाली तुमच्या पत्रावरूनच कळली. पेन कागदाच्या पलीकडून निघालंय, त्याअर्थी तब्येत उत्तम असणार. विहिरीला पाणी किती राहिलं, गाय व्याली का, आणि दशरथकाकांचा गुडघा वर चढताना दुखतो की उतरताना, हे कळवा. इथं एका घरात त्या दोन दुखण्यांची दोन वेगळी तेलं पाहिली.

(आम्रपाली, हे पत्र मामा तुला ओट्यावर मोठ्यानं वाचायला लावणार हे मला माहीत आहे. त्यांना वाचता येतं, पण स्वतः वाचलेलं त्यांना खरं वाटत नाही, तू चार लोकांत वाचलंस की खरं वाटतं. तर नियम असा: कंसातलं मनात वाचायचं आणि न अडखळता पुढं जायचं. अडखळलीस की मामा म्हणतील, "काय गाळून राह्यली?" तेव्हा म्हणायचं, अक्षर लागत नाही.)

फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. केला होता. सरपंचाच्या घरच्या फोनवर तुम्हाला बोलावून आणेपर्यंत बूथवाला माझ्याकडे आणि मी मीटरकडे बघत होतो. तुम्ही आलात, "मी बरा हाय, सविस्तर पत्र टाक" म्हणालात आणि फोन ठेवलात. म्हणून सविस्तर लिहितो. कोणी उठून जाऊ नये.

तुमचा प्रश्न असा की ग्रामसेवकानं यादी आणलीय आणि आपल्या वस्तीत एका घराला एकच वस्तू मिळणार आहे: एकतर शेगडीसकट गॅसचं कनेक्शन, नाहीतर सूर्यचूल. महिनाअखेरीला नाव टाकायचं. मामी गॅस म्हणते, तुम्ही सूर्यचूल म्हणता. तुमचं म्हणणं, "फुकट ऊन पडून राह्यलं अन् ही बाई टाकी मागते. टाकी संपली की मेहकरला कोण जाईन?" आणि पुढं तुम्ही चारचौघांत जाहीर करून बसलात की माझा भाचा पुण्यात सोलरचा इंजिनीयर आहे, तो सांगेल ते करू. म्हणजे आता सगळी वस्ती माझ्या पत्राची वाट बघतेय आणि तुमची अब्रू माझ्यावर, माझी तुमच्यावर अवलंबून आहे.

(मामीच्या खोकल्याबद्दल मी वर काही विचारलं नाही, हे मुद्दाम. विचारलं असतं तर मामा म्हणाले असते, "तिले काय झालं, चांगली तर हाय." चौदा एप्रिलला मी आलो होतो तेव्हा ती फुंकणी ठेवून पदर तोंडात धरून बसली होती. मला म्हणाली, कांदा चिरला. कांदा तर आख्खा टोपलीत होता.)

आधी इंजिनीयरचं मिटवू. मी सोलरमध्ये आहे एवढंच मी लिहिलं होतं आणि ते खरं आहे. इंजिनीयर तुम्ही केलंत. याआधी मी हिंजवडीच्या कंपनीच्या बसवर होतो तेव्हाही तुम्ही मला ड्रायव्हर केलं होतं, मी बस पुसत होतो. कँटीनमध्ये होतो तेव्हा मॅनेजर केलं होतं. तुमच्या हातात असतं तर मी स्वारगेटला उतरलो त्याच दिवशी डेपो माझ्या नावावर झाला असता. माझं आताचं काम असं: बापूराव म्हणून एक फिटर आहेत, ते सोसायट्यांच्या गच्चीवर सोलरचे बंब बसवून देतात आणि त्यांची देखभाल करतात. बापूराव देखभाल करतात म्हणजे मी करतो. काचा पुसणे, गळती बघणे आणि कबुतरं हाकलणे. कबुतरांच्या बाबतीत मी खरंच इंजिनीयर झालोय.

हा बंब आपल्या तांब्याच्या बंबासारखा नसतो. गच्चीवर तिरप्या, सपाट पेट्या ठेवलेल्या असतात, वर काच, आत काळा पत्रा आणि नळ्या. उन्हानं नळ्यांतलं पाणी तापतं आणि आपोआप वरच्या टाकीत चढतं. लाकूड नाही, राख नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, याला म्हणतात डोकं. मग मी लोकांना वापरताना बघितलं.

इथं अरुणोदय नावाची सोसायटी आहे, चार मजले, सोळा घरं. निम्मी घरं हिंजवडीला कामाला जातात. सूर्य वर यायच्या आत कंपनीची बस त्यांना उचलते आणि तो मावळल्यावर आणून सोडते, त्यामुळे त्यांची आणि सूर्याची भेट फक्त रविवारी, तीही उशिरा. अशा लोकांनी गच्चीवर सूर्याचा बंब का बसवला? तर बंब बसवला की घरपट्टीत सूट मिळते. इथं घरपट्टीला मिळकतकर म्हणतात, पण भरताना चेहरा सगळीकडे सारखाच होतो. बंब बसला, पण गच्चीवरचं गरम पाणी खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत नळातून दोन बादल्या थंड पाणी वाहून जायचं, आणि ते जाऊ द्यावं तर पाणी वाया गेलं म्हणून भांडण. शेवटी प्रत्येकानं न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून घेतला. स्वयंपाकाच्या टाकीशेजारी दुसरी टाकी, एक नळी शेगडीला, एक आंघोळीला. गच्चीवरचा बंब तसाच राहिला, घरपट्टीपुरता.

आता कुरडया. रावसाहेब म्हणून या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, पण त्यांना अजून कोणी तसं सांगितलेलं दिसत नाही. यमुनाबाई त्यांची मंडळी. मार्चमध्ये यमुनाबाई गच्चीवर वाळवण घालायला आल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की सोलरच्या पेट्या म्हणजे वाळवणासाठीच केलेली वस्तू आहे. तिरप्या, स्वच्छ, खालून तापलेल्या, वरून ऊन. त्यांनी जुनी साडी ताणून पेट्यांच्या चारी कोपऱ्यांना बांधली आणि तिच्यावर गव्हाच्या कुरडया घातल्या. ओली कुरडई कापडाला चिकटते, घसरत नाही. तीन दिवसांचं वाळवण एका दिवसात झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांवरच्या बायका साड्या घेऊन आल्या. आठवड्यात सगळ्या पेट्यांवर कुरडया, बटाट्याचा कीस आणि सांडगे. मामा, आख्ख्या पुण्यात भर उन्हाळ्यात ज्या सोलरला ऊन लागत नव्हतं तो हाच.

मी यमुनाबाईंना म्हणालो, बाई, मला काच पुसायची असते. त्या म्हणाल्या, "मग पूस की. कडा मोकळ्या आहेत." म्हणून मी कडा पुसत होतो. जाताना मूठभर तळलेल्या कुरडया मिळायच्या. तुम्ही म्हणाल भाचा विकला गेला. चव बघितली असतीत तर म्हणाला नसतात.

(आम्रपाली, या जागी मामा हसतील आणि म्हणतील, "पाह्य, बायाचं काम." तू त्यांच्याकडे बघू नको, पुढं वाच. मेहकरच्या डॉक्टरबद्दल तू लिहिलेलं पत्र माझ्या उशाशी आहे. बांगड्या भरायला म्हणून मामीला घेऊन गेलीस ते चांगलं केलंस. डॉक्टरनं विचारलं, बाई विडी ओढता का, आणि मामी हसत सुटली, ते वाचून मलाही हसू आलं. पुढची ओळ वाचल्यावर मात्र नाही. न ओढता छाती तशी झालीय म्हणतात, आणि धूर बंद करा म्हणतात. मामीनं तुला शपथ घातली की यांना सांगू नको. मला काही घातलेली नाही.)

मग एका बुधवारी निरोप आला की सोलर चालू आहे की नाही हे बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी महापालिकेचे साहेब येणार, त्यांनी लिहून दिलं तरच सूट पुढं चालू राहणार. रावसाहेबांनी मला बोलावून विचारलं, पाणी तापतं ना? मी टाकीच्या नळाखाली हात धरून दाखवला. माठापेक्षा गार होतं. रावसाहेब म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत तापव." मी म्हणालो, साहेब, ऊन उद्याचं आजच आणता येत नाही, आणि आलं तरी आधी कुरडया काढाव्या लागतील. त्यावर यमुनाबाई म्हणाल्या, "ओल्या आहेत. एकसुद्धा निघणार नाही."

या घरात निर्णय रावसाहेब जाहीर करतात, घेतलेला आधीच असतो. तर जाहीर असं झालं की उद्या सकाळी सोळाही घरांनी आपापल्या गॅसवर पाणी तापवायचं आणि ते बादल्यांनी सोलरच्या टाकीत ओतायचं. ओतायला कोण, तर बुद्धभूषण. त्याआधी टाकीतलं थंड पाणी सोडून द्यायचं. भर मेमध्ये, जिथं नळाला पाणी घड्याळ लावून येतं तिथं, मी आख्खी टाकी गटारात सोडली. खालच्या मजल्यावरच्या तुळशीला त्या दिवशी काय वाटलं असेल ते तिलाच माहीत.

सकाळी बादल्या घेऊन मी घराघरात फिरलो. इतके दिवस या लोकांना मी गच्चीवरून ओळखत होतो, स्वयंपाकघरं पहिल्यांदा बघितली. खटका दाबला की निळी ज्योत, आवाज नाही, धूर नाही. भिंती पांढऱ्या. पातेल्यांची बुडं वरच्या अंगासारखीच चकचकीत. आधी मला वाटलं सगळी भांडी नवीन घेतलीत. एक बाई शेगडीसमोर उभ्या राहून, इस्त्रीच्या साडीत, भाजी परतताना फोनवर बोलत होत्या, आणि डोळ्यांत पाणी नव्हतं.

(आपल्या चुलीमागची भिंत आठवते का? मी तिच्यावरच काजळीत बोटानं अ काढायला शिकलो, मामीनंच शिकवला, भाकरी थापता थापता. शाळेत गेलो तेव्हा पाटीवर खडूचा पांढरा अ बघून मला वाटलं, मास्तर चुकीचा काढतात. त्या भिंतीवर जेवढं आहे तेवढंच मामीच्या आत असेल, एवढं मला चौथ्या मजल्यावर बादली खाली ठेवल्यावर कळलं. तिथं दोन मिनिटं बसलो. लोकांना वाटलं दमलो.)

तिसऱ्या मजल्यावर अनिरुद्ध म्हणून एक कॉम्प्युटरवाला मुलगा राहतो, माझ्याच वयाचा, एकटा. त्या दिवशी तो घरी होता कारण त्याची बस चुकली होती. त्याच्याकडे भांडं एकच, त्यातच तो चहा करतो. तो मला जिन्यात समजावत होता की या गॅसच्या प्रत्येक टाकीमागं सरकार स्वतःचे पैसे घालतं, म्हणून ती एवढ्या स्वस्तात मिळते. रॉकेलमागं घालतं, डिझेलमागं घालतं, आणि या सोलरमागंही घालतं, सूट म्हणजे तेच. मी विचारलं, म्हणजे आत्ता मी जे सरकारी पैशाचं गरम पाणी नेतोय ते सरकारी पैशाच्या सूर्यात ओतायचंय? तो म्हणाला, "टेक्निकली हो." मामा, तुमचं नेहमीचं म्हणणं आहे की ज्यात सरकार पैसे घालतं त्यात काहीतरी खोट असते. ते धरून चाललं तर तुमच्या यादीतल्या दोन्ही वस्तू बाद होतात आणि घरात फक्त चूल उरते. तिच्यामागं कोणी काही घालत नाही. सरपण मामी आणते, फुंकर मामी घालते.

मी इथं खोलीवर रॉकेलचा स्टोव्ह वापरतो. रेशनचं निळं रॉकेल मला मिळत नाही कारण माझं नाव तुमच्या कार्डावर आहे, म्हणजे माझ्या वाटचं निळं रॉकेल गावात दिव्यात जळतंय आणि मी इथं बाहेरून घेतो. तक्रार नाही, माहितीसाठी.

(अनिरुद्धनं विचारलं, तुझ्या घरी स्वयंपाक कशावर होतो? मी म्हणालो, गॅसवर. तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, छान. आता ते मला खरं करून घ्यायला हवं.)

साहेब आले तेव्हा मी नुकतीच शेवटची बादली ओतली होती. शेवटची बादली अनिरुद्धची. साहेब बारीक, शांत, खिशाला दोन पेनं. रावसाहेबांनी सोलरची माहिती सांगायला सुरुवात केली, पर्यावरणापासून. साहेब म्हणाले, "नळ कुठंय?" त्यांनी नळ सोडला, हात धरला आणि झटकन मागं घेतला, इतकं कढत होतं. रावसाहेबांचा चेहरा खुलला. मग साहेबांनी खिशातली काचेची बाटली काढली, तिच्यात थोडं पाणी घेतलं आणि उजेडाकडे धरलं. पाणी फिकट तपकिरी होतं. तळाशी चहाची पत्ती फिरत होती.

रावसाहेब म्हणाले, "पाइप जुने आहेत. गंज उतरतो."

साहेबांनी बाटलीला नाक लावलं. म्हणाले, "वेलदोड्याचा गंज पहिल्यांदाच बघतोय."

नंतर ते पेट्यांकडे गेले. साड्यांच्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिले. एक कुरडई सोडवून हातात घेतली आणि यमुनाबाईंना विचारलं, तांदळाची की गव्हाची. यमुनाबाई म्हणाल्या, गव्हाची, तीन दिवस भिजवून चीक काढलाय. साहेबांनी मान हलवली. "उत्तम वाळल्यात. यंत्र चांगलं काम करतंय. पण सूट पाण्याला आहे, वाळवणाला नाही. सोमवारी येतो, तोवर यंत्राला एकदा सूर्य दाखवा." आणि कुरडई खिशात घालून जिना उतरले. पुण्यात कोणी रागावलं की आवाज वाढत नाही, मामा, कमी होतो.

मग सगळे माझ्याकडे वळले. रावसाहेब म्हणाले, हा माणूस ठेवलाय कशाला? अनिरुद्ध म्हणाला, चहाचं भांडं मी विसळलं होतं. बापूरावांना फोन गेला. सोमवारपर्यंत कुरडया उतरल्या, मी काचा पूर्ण पुसल्या, आणि मामा, खरं सांगतो, संध्याकाळी नळाखाली हात धरला तर पाणी गरम. कोणी काही ओतलं नव्हतं. एवढे दिवस त्या यंत्राला फक्त कोणी आडवं येऊ नये एवढंच हवं होतं. साहेबांनी लिहून दिलं. मंगळवारी सकाळी गच्चीवर गेलो तर साड्या परत बांधलेल्या. यमुनाबाई म्हणाल्या, "सूट वर्षातून एकदा लागते. कुरडया वर्षभर लागतात."

तेव्हा मी तुमचं पत्र त्यांना दाखवलं. म्हटलं, आमच्या मामांना सूर्यचूल घ्यायचीय, काळा डबा, वर काच, झाकणाला आरसा, तुम्ही सूर्याकडून एवढं काम करून घेता तर सांगा. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि विचारलं, "तुझी मामी दुपारी घरी असते का?"

मी म्हणालो, नाही, वावरात असते. दिवस उगवायच्या आत भाकरी करून जाते, दिवस बुडाल्यावर येते.

त्या म्हणाल्या, "मग सूर्यानं स्वयंपाक करून वाढायचं कोणाला?"

मामा, मी काही शिकलेला माणूस नाही, पण हा प्रश्न मला इतके महिने सोलरखाली वावरून पडला नव्हता. सूर्यचुलीत शिजतं, झक्कास शिजतं, मी इथं एका रिटायर बाईंच्या गच्चीवर खाऊन बघितलंय, वरण-भात. पण त्या बाई दर अर्ध्या तासानं जाऊन डबा उन्हाकडे फिरवतात. मामी वावरातून दर अर्ध्या तासानं येणार का? की तुम्ही फिरवणार? ओट्यावरून उठून? सूर्य चांगलाच आहे, त्याच्या विरोधात माझं काही नाही. पण ज्याच्याकडे दिवसा वेळ आहे त्याचाच तो आहे. यमुनाबाईंनी आणखी एक प्रश्न विचारला. तो मी इथं लिहीत नाही, कारण तो ऐकल्यावर तुम्ही पुढचं पत्र ऐकणार नाही. खाली लिहितो.

(तुम्हा दोघींना माहीत आहेच, पण लिहून ठेवतो: मामांना संध्याकाळचा चहा दिवस बुडाल्यावर लागतो आणि पहिला चहा कोंबडा आरवायच्या आत. दोन्ही वेळा सूर्य रजेवर. म्हणजे सूर्यचूल आली तरी चूल पेटणारच, आणि वर एक काळा डबा अंगणात. त्यात शेवटी कोंबडी अंडी घालेल.)

तर सोलरच्या इंजिनीयरचा अधिकृत सल्ला असा आहे की यादीत गॅसपुढं नाव टाकावं, आणि कनेक्शन शालन कचरू असं मामीच्या नावानं घ्यावं, म्हणजे मेहकरला टाकीला कोण जाईल हा प्रश्न आता जिच्या नावावर कनेक्शन तिचा, असं तुम्ही लोकांना सांगू शकाल. टाकी मात्र तुम्हीच आणायची. सायकलला मागं बांधली की येते, मी लोकांना आणताना बघितलंय. तुमचा शब्द खाली पडला असं समजू नका. तुम्ही म्हणाला होता भाचा सांगेल ते करू. भाच्यानं सांगितलं.

वस्तीतल्या सगळ्यांना माझा जय भीम सांगा. विहिरीचं आणि दशरथकाकांच्या गुडघ्याचं कळवायला विसरू नका.

आपला भाचा
बुद्धभूषण

ता. क. मी आता सोलरमध्ये नाही. काढलं असं नाही, मी सोडणारच होतो, बापूरावांनी फक्त आधी सांगितलं. एक तारखेपासून इथल्या एका गॅस एजन्सीत टाक्या पोचवायला लागतोय. वरचा सल्ला त्यामुळे दिलेला नाही. तुमची टाकी मेहकरहून येणार, माझा त्यात काही संबंध नाही. उलट अरुणोदय सोसायटी माझ्याच भागात आलीय, तिथं सोळा घरांच्या दोन-दोन टाक्या चढवायच्या आहेत, त्यामुळे त्यांनी सूर्य वापरला तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

ता. क. दोन. यमुनाबाईंचा दुसरा प्रश्न राहिला. त्यांनी विचारलं, "तुझे मामा खातात काय?" मी म्हणालो, ज्वारीची भाकरी, तिन्ही वेळा, भातानं त्यांचं पोट भरत नाही. त्या हसल्या आणि पत्र परत दिलं. मामा, सूर्यचुलीत भाकरी होत नाही. तवा तापत नाही तेवढा. वरण, भात, उकडलेले बटाटे, एवढंच. ग्रामसेवकानं सांगितलं नसेल. ही एकच ओळ पोस्टकार्डावर मावली असती, पण तुम्ही सविस्तर लिहायला सांगितलं होतं.

ता. क. तीन. आम्रपाली, आता मामा भाकरीचा विचार करत गप्प बसले असतील आणि मामी दाराआडून ऐकत असेल. एवढे गप्प ते पुन्हा कधी सापडायचे नाहीत. पत्र पहिल्यापासून घे आणि या वेळी फक्त कंसातलं वाच. मोठ्यानं वाच.